युगांतरीच्या भेटी (दशावतारी नाटक)

एका युगातला वीर दुसऱ्या युगातल्या वीरासमोर येतो, झुंज होते किंवा होता होता राहते आणि दोघांमधले नाते उघड होते, अशा पौराणिक प्रसंगांवरची आख्याने. साखळीसह डिचोली, पेडणे आणि सत्तरी या गोव्याच्या तालुक्यांत व लगतच्या सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतार होतो. त्याला काला किंवा दहिकाला असेही म्हणतात. हे तालुके पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीत. सोळाव्या शतकातली देवळांची मोडतोड त्यामुळे इथवर पोचली नाही आणि देवळाच्या उत्सवाशी बांधलेले हे नाटक तगले.

आरंभी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती येऊन जातात, संकासुराचा वध होतो आणि मग आख्यान सुरू होते. आख्यानाची संहिता लिहिलेली नसते. कथेचा क्रम आणि कोणी काय करायचे एवढे रंगपटात ठरते. संवाद नट उभ्या उभ्या रचतो. मागे पडदा, मध्ये एक बाकडे, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. त्रेतायुग सरून द्वापर लागले हे नटाला बोलूनच पटवावे लागते. म्हणूनच ही आख्याने नटाची खरी परीक्षा घेतात.

सर्वांत भरीव प्रसंग हनुमान आणि भीम यांचा, वनपर्वातला. द्रौपदीसाठी सौगंधिक कमळे आणायला निघालेल्या भीमाची वाट गंधमादन पर्वतावरच्या केळीच्या बनात एक म्हातारा वानर अडवतो. दोघेही वायूचे पुत्र. थोरला रामाच्या काळातला, धाकटा कृष्णाच्या. बाकड्यावर आडवा झालेला हनुमान डोळेही न उघडता उत्तरे देतो आणि भीम झालेला राजपार्टी नट वाटेतले शेपूट बाजूला सारायला झटत राहतो. मूळ कथेत भीम आधी तुच्छतेने डावा हात लावतो, मग दोन्ही हात. शेपूट जागचे हलत नाही. जाणता नट या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवतो, कारण भीमाचा गर्व त्यांच्यामध्येच उतरायचा असतो. ओळख पटल्यावर समुद्र ओलांडतानाचे रूप दाखव असा हट्ट भीम धरतो. हनुमान आधी नकार देतो: तो काळ निराळा होता, युगाबरोबर देह, बळ आणि धर्मही बदलतात. पुढे तो रूप दाखवतोच, पण प्रसंगाचे सारे वजन त्या नकारात आहे. साखळीजवळच्या हरवळे गावची जांभ्या दगडातली लेणी लोक पांडवांची म्हणून ओळखतात. पांडव आपल्याच रानात राहून गेले असे मानणाऱ्या प्रेक्षकाला हा भीम घरचाच वाटतो.

जांबवान आणि कृष्ण यांचे युद्ध स्यमंतक मण्यावरून होते. भागवतात ते 28 दिवस चालते, विष्णुपुराणात 21. समोरचा वीर म्हणजे आपला रामच, हे उमगताच जांबवान मण्याबरोबर मुलगी जांबवतीही देतो. त्रेतायुगातला सेवक द्वापरात सासरा होतो. येथे लढाई लांबवली की आख्यान हमखास पातळ होते.

रेवतीची कथा याहून विलक्षण आहे आणि रंगमंचाला अवघड. मुलीला वर कोणता योग्य हे विचारायला कुशस्थलीचा राजा ककुद्मी तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो. तिथे गाणे चाललेले असते, ते संपेपर्यंत तो थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर भागवताच्या हिशेबाने 27 चतुर्युगे उलटतात. मनात योजलेले वर, त्यांची मुले-नातवंडे, कोणीच उरलेले नसते. ब्रह्मदेव बलरामाचे नाव सुचवतो. मार्व्हलच्या एक्स-मेन चित्रकथांत सायक्लॉप्सचा मुलगा तान्हेपणी भविष्यकाळात पाठवला जातो आणि केबल होऊन परततो तेव्हा बापाहून वयस्क असतो. तसा येथे वधूचा जन्म वराच्या कित्येक युगे आधीचा. विष्णुपुराणात रेवती उंच म्हणून बलराम नांगराने तिला आपल्याएवढी करतो. हा भाग आज खटकतो आणि खटकायलाच हवा. एका गाण्याच्या अवधीत सगळे माहेर गमावलेल्या या मुलीला पुराणकार बोलू देत नाहीत. संवाद स्वतः रचणाऱ्या स्त्रीपार्टी नटाला तिला बोलते करता येते, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

बभ्रुवाहनाचे आख्यान यांच्या शेजारचे. त्यात युगांतर नाही, पण अश्वमेधाच्या घोड्यामागे मणिपुरात आलेला अर्जुन चित्रांगदेच्या पोटी झालेल्या आपल्याच मुलाच्या हातून पडतो आणि उलूपीच्या नागमण्याने उठतो. नाते येथे ठाऊक असूनही लढाई टळत नाही, म्हणून ते वरच्या तिन्हींपेक्षा जास्त जिव्हारी लागते.

अलीकडे 'ट्रिकसीन' नाटके जोरात आहेत. धूर, रंगीत दिवे, देवतांचे अचानक प्रकटणे यांनी मागच्या रांगेतली मुलेही जागी राहतात, हा मोठाच लाभ आहे. मात्र हनुमानाचे विराट रूप दिव्यांनी दाखवायचे म्हणून त्याआधीचा नकाराचा संवाद कापला, तर भीमाला भाऊ भेटत नाही, नुसता चमत्कार भेटतो.