खारे वारे, मतलई वारे

चेंबूरला मावशीकडे राहायला गेलो की एक गोष्ट हमखास दिसायची. हिवाळ्यात ती रात्री झोपताना सगळ्या खिडक्या लावून घ्यायची आणि सकाळी दहाच्या आधी कुणाला उघडू द्यायची नाही. दुपारनंतर मात्र त्याच खिडक्या सताड उघड्या. ‘सकाळचा वारा चांगला नाही,’ एवढंच तिचं स्पष्टीकरण. देशावरून आलेल्या पाहुण्यांना याचं हसू यायचं. पहाटेचा वारा म्हणजे आरोग्य, हे सगळ्यांनी पाठ केलेलं. मावशी चौथी शिकलेली होती. पुढे या भागाचा इतिहास धुंडाळताना मला तिच्या त्या वाक्यापाशी पुन्हा पुन्हा यावं लागलं.

दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्रावरून वारा येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. शाळेच्या भूगोलात आपण हे दोन शब्द घोकतो आणि विसरतो. शिडाच्या होड्या होत्या तोवर कोळ्यांना ते विसरून चालत नव्हतं. पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्यावर परतायचं. पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या वाऱ्यापुढे या जोडीचं काही चालत नाही. मान्सून परतला की ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मुंबईवर यांचंच राज्य असतं.

मुंबईच्या कारभाऱ्यांना वाऱ्याची दिशा चांगली ठाऊक होती. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला. दाट वस्तीतली कोंडलेली हवा हेच रोगाचं मूळ, अशी तेव्हाची समजूत. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रस्ते दाट वस्तीतून काढले. त्यामागचा एक उघड हेतू पश्चिमेची समुद्राची हवा शहराच्या पोटात आणणं हा होता. रोगाचं कारण चुकीचं धरलं होतं, पण वाऱ्याचा अभ्यास बरोबर होता. खारा वारा त्यांनी अक्षरशः रस्ता करून घरात घेतला.

आणि कचरा? तो पूर्वेला गेला. कुर्ला-चेंबूर हा रेल्वेमार्ग १९०६ साली झाला तो माणसांसाठी नव्हे, शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. त्यावर प्रवासी गाडी यायला १९२४ साल उजाडलं. आज हार्बर लाइनला लोंबकळणाऱ्या किती जणांना माहीत असेल की या रुळांवर आपल्याआधी अठरा वर्षं कचऱ्याने प्रवास केला! १९२७ पासून देवनारची कचरापट्टी सुरू झाली. तेव्हा हा भाग मुंबई शहरात नव्हताच. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून उपनगर जिल्हा वेगळा काढला, त्यात हा मोडत होता. खाजण, मिठागरं, कोळीवाडे आणि तुर्भ्याचा डोंगर अशी ही शहराची वेस. वेशीबाहेर काय टाकावं, याचे आपल्याकडचे संकेत जुनेच आहेत.

१९५० मध्ये चेंबूर बृहन्मुंबईत आलं. फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित तोवर इथल्या छावण्यांत राहत होते. म्हणजे वेस माणसांनी भरली होती. पण तिच्याकडे पाहण्याची सवय काही बदलली नाही. १९५४ आणि १९५५ अशा लागोपाठच्या वर्षी माहुलला दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले, १९५६ मध्ये तुर्भ्याचं औष्णिक वीज केंद्र आणि १९६५ मध्ये खत कारखाना. देशाला तेल, वीज आणि खत हवंच होतं, आणि तेलाच्या जहाजांना धक्काही हवा होता. या गरजा मी खोट्या मानत नाही. नकाशावर पाहिलं तर जागा बिनचूकच वाटते. वारा पश्चिमेचा, कारखाने पूर्व टोकाला, पलीकडे खाडी. धूर खाडीवर जाईल आणि शहर मोकळं राहील.

दुपारी तसं होतंही. पण दिवसाला रात्र असते.

इथे हवामानाच्या आकड्यांचा एक चकवा आहे. मुंबईचं हवामान म्हणजे कुलाब्याचं हवामान, असं फार काळ धरलं गेलं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, तिच्या नोंदी अमूल्य आहेत. पण कुलाबा तीन बाजूंनी पाण्यात आहे. तिथली रात्र उबदार असते. आत सांताक्रूझला हिवाळ्यातलं किमान तापमान कुलाब्यापेक्षा सहज दोन-तीन अंशांनी खाली जातं. एकाच शहरात किती अंतर पडू शकतं, ते २६ जुलै २००५ ला सगळ्यांना कळलं. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. हिवाळ्यातलं अंतर असं डोळ्यांत भरत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

जमीन जिथे जास्त निवते, तिथे तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होऊन खालीच बसते. वर तुलनेने उबदार हवेचं झाकण पडतं. धूर त्या झाकणाखाली कोंडतो. त्यात चेंबूरच्या एका बाजूला सुमारे ३०० मीटर उंचीचा तुर्भ्याचा डोंगर. अशा पहाटे ईशान्येकडून मतलई वारा सरकतो तो अगदी संथ. ईशान्येला आहे देवनार. दक्षिणेला माहुल, तिथला धूर याच वाऱ्यावर शिवडी-वडाळ्याकडे, म्हणजे शहराकडेच वळतो. नऊ-दहाला ऊन चढलं की झाकण उठतं आणि दुपारी खारा वारा येऊन सगळं झाडून नेतो. मावशीच्या खिडक्यांचं वेळापत्रक हेच होतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या रहिवाशांची तुलना ग्रामीण भागातल्या लोकांशी केली. खोकला, धाप आणि श्वासाचे विकार हवेशी जोडून पाहणारा भारतातला हा एक आरंभीचा मोठा अभ्यास. ‘गॅस चेंबर’वरून ‘गॅस चेंबूर’ ही कोटी लोकांच्या तोंडी रुळली. हवा-प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९८१ चा. कारखाने त्याआधीचे आणि कचरापट्टी तर त्याच्याही कितीतरी आधीची.

२८ जानेवारी २०१६ ला देवनारला आग लागली. धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. जानेवारीचा शेवट म्हणजे मतलई वाऱ्याचे भर दिवस. हीच आग जुलैत लागली असती तर वाऱ्याने आणि पावसाने तिचं काय केलं असतं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

माहुलची गोष्ट याहून कडू आहे. तेल आणि रसायनं चढवता-उतरवताना हवेत मिसळणाऱ्या वाफांविरुद्ध तिथल्या रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१५ मध्ये लवादाने या भागातल्या हवेचा धोका मान्य केला. त्यानंतर २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्या आणि त्या कुटुंबांना राहायला पाठवलं ते याच माहुलमध्ये. वेशीबाहेर काय टाकावं, या यादीत आता माणसंही आली. तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाला २०१९ मध्ये सांगावं लागलं. ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने कंपन्यांवर एकूण २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली.

मावशीची इमारत पुनर्विकासात गेली. नव्या घरात सरकत्या काचांच्या खिडक्या आहेत. गेल्या दिवाळीत दुपारी तीनला मी त्यातली एक उघडायला गेलो, तर मावसभावाने थांबवलं. समोरच्या प्लॉटवर टॉवर उठतो आहे, आणि तो आहे पश्चिमेला.