पतौडी ते वूस्टर

दिल्लीहून रेवाडीकडे निघालेली गाडी गुडगाव मागे टाकून सपाट, विरळ झाडीच्या मुलुखात शिरते आणि काही वेळाने पतौडी रोड नावाच्या स्टेशनात येऊन थांबते. तेथून थोड्या अंतरावर असलेले पतौडी गाव आज राजधानीच्या विस्तारात दिवसेंदिवस ओढले जात आहे. परंतु स्वातंत्र्यापूर्वी ते अवघ्या ५२ चौरस मैलांच्या एका स्वतंत्र संस्थानाचे मुख्य ठाणे होते. १६ मार्च १९१० रोजी या संस्थानाच्या नवाबांच्या घरी इफ्तिकार अली खान यांचा जन्म झाला. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडातील एका निर्धन कौंटीसाठी त्यांनी द्विशतकांवर द्विशतके काढली, इंग्लंडकडून कसोटी सामने खेळले आणि पुढे भारताच्या कसोटी संघाचे नेतृत्व केले. या दोन्ही देशांकडून कसोटी क्रिकेट खेळलेला दुसरा खेळाडू आजवर झालेला नाही.

या संस्थानाच्या उत्पत्तीचा इतिहास मराठी वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. १८०३ च्या सप्टेंबरात लॉर्ड लेकने यमुनेच्या पैलतीरी पटपडगंजजवळ शिंद्यांच्या फौजेचा पराभव करून दिल्लीचा अंमल कंपनीच्या हाती घेतला. पुढच्याच वर्षी यशवंतराव होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा घातला. आणि या धामधुमीत ज्या सरदारांनी कंपनी सरकारची बाजू धरली, त्यांना दिल्लीच्या आसमंतात जहागिरीच्या सनदा मिळाल्या. फैज तलब खान हा त्यांतलाच एक अफगाण सरदार, आणि मराठ्यांविरुद्ध बजावलेल्या कामगिरीचे बक्षीस म्हणून त्याला मिळालेली जहागीर म्हणजेच पतौडी.

वडिलांच्या निधनामुळे इफ्तिकार अली खान १९१७ साली, वयाच्या सातव्या वर्षी, गादीचे वारस झाले. लाहोरच्या एचिसन कॉलेजात, म्हणजे संस्थानिकांच्या मुलांसाठी काढलेल्या विद्यालयात, त्यांना क्रिकेटची पहिली दीक्षा मिळाली, आणि इंग्लंडला गेल्यावर केंट कौंटीचा थोर डावखुरा फलंदाज फ्रँक वुली याचे मार्गदर्शन लाभले. १९२७ साली ते ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात दाखल झाले. विद्यापीठाच्या संघात कायमचे स्थान मिळवण्यास त्यांना दोन वर्षे थांबावे लागले. परंतु १९२९ साली केंब्रिजविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी १०६ आणि ८४ धावा काढून त्या प्रतीक्षेचे सार्थक केले.

त्यांच्या विद्यार्थिदशेचा कळस म्हणजे १९३१ चा मोसम. त्या वर्षी त्यांनी ऑक्सफर्डसाठी १,३०७ धावा केल्या, आणि त्यांची सरासरी ९३ च्या घरात गेली. लॉर्ड्सवरील वार्षिक सामन्यात केंब्रिजच्या रॅटक्लिफने २०१ धावा काढून १९०४ पासून अबाधित असलेला १७२ धावांचा विक्रम मोडला. सामान्य खेळाडू अशा वेळी प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन करून स्वस्थ बसला असता. पतौडींनी मात्र दुसऱ्याच दिवशी नाबाद २३८ धावा करून तो नवा विक्रम एक दिवसाचाही होऊ दिला नाही, आणि ऑक्सफर्डने तो सामना आठ बळी राखून जिंकला. त्यांच्या या खेळीचा विक्रम पुढे सत्तरांहून अधिक वर्षे टिकला. विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाने १९३२ च्या अंकात वर्षातील पाच खेळाडूंमध्ये त्यांची गणना केली.

येथे त्या काळच्या कौंटी क्रिकेटची घडण थोडी समजून घेतली पाहिजे. कारण पतौडींच्या कारकिर्दीचा अर्थ तिच्याशिवाय उलगडत नाही. कौंटीच्या संघात दोन वर्ग असत. हौशी खेळाडू वेतनावाचून खेळत, तर धंदेवाईक खेळाडूंचा संसार क्रिकेटच्या पगारावर चाले. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, अनेक मैदानांवर आत येण्याचे दरवाजेही वेगळे, आणि छापील धावपत्रकात हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी तर धंदेवाईकाची नंतर. नवाबसाहेब अर्थातच हौशी वर्गात मोडत. परंतु त्यांनी ज्या वूस्टरशायरची निवड केली ती कौंटी श्रीमंतांची नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली तिला स्पर्धेत उतरणेही जमले नव्हते, आणि नंतरची कित्येक वर्षे ती तक्त्याच्या तळाशी राहिली. सेव्हर्न नदीच्या काठी, वूस्टरच्या जुन्या कॅथीड्रलच्या समोर पसरलेले तिचे मैदान हिवाळ्यात पुराखाली जाई आणि पाणी ओसरल्यावर गाळाने सुपीक झालेल्या त्याच मातीवर उन्हाळ्यात फलंदाजांना उत्तम खेळपट्टी मिळे.

१९३२ साली वूस्टरशायरसाठी ते अवघे तीन सामने खेळले. पण जुलैत लॉर्ड्सवर हौशी विरुद्ध धंदेवाईक या मानाच्या सामन्यात त्यांनी १६५ धावा काढल्या, आणि ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या इंग्लंडच्या संघात त्यांची निवड झाली. त्याच उन्हाळ्यात, त्याच मैदानावर, भारताचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळून गेला होता. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची स्थापना होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती, आणि तिची पूर्वतयारी झाली ती पतौडींच्या घराजवळच्याच दिल्लीत, रोशनआरा क्लबात. घरच्या क्रिकेटचे छत असे नुकते उभे राहत असता पतौडींचे नाव इंग्लंडच्या यादीत जावे हे आज विलक्षण वाटते. त्या काळी मात्र रणजितसिंहजी आणि दुलीपसिंहजी यांनी तो मार्ग रूढ केलेला होता.

२ डिसेंबर १९३२ रोजी सिडनीला सुरू झालेल्या कसोटीत पतौडींनी पदार्पणातच १०२ धावा केल्या. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आपापल्या पहिल्या कसोटीत रणजींनी १८९६ साली आणि दुलीपांनी १९३० साली शतक काढलेच होते. आता तिसऱ्या भारतीय राजपुत्राने ती परंपरा पूर्ण केली. हे शतक दिमाखदार नव्हते. पाच तासांहून अधिक काळ ते खेळपट्टीवर उभे होते, प्रेक्षकांतून त्यांच्या संथपणाबद्दल आरोळ्या उठत होत्या, आणि तरीही आपण ठरवलेल्या गतीपासून ते ढळले नाहीत. सटक्लिफच्या १९४ आणि हॅमंडच्या ११२ धावांच्या जोडीला हे शतक आल्याने इंग्लंडचा डाव ५२४ पर्यंत पोहोचला, आणि इंग्लंडने सामना दहा बळी राखून जिंकला.

परंतु या दौऱ्याची कीर्ती शतकांमुळे झालेली नाही. कर्णधार डग्लस जार्डिन याने वेगवान गोलंदाज लारवुडच्या वेगाला फलंदाजाच्या शरीराच्या रोखाने वळवले होते, आणि चेंडू चुकवताना उडालेला झेल टिपण्यासाठी लेग बाजूला, फलंदाजाच्या अगदी निकट, क्षेत्ररक्षकांचे कडे उभे केले होते. त्या कड्यात उभे राहण्यास पतौडींनी नकार दिला, आणि त्यावर जार्डिनने नवाबसाहेबांची सदसद्विवेकबुद्धी आड येते असा बोचरा शेरा मारून दुसऱ्या खेळाडूला पुढे बोलावले, ही हकीगत क्रिकेटच्या इतिहासात पुष्कळांनी नमूद केलेली आहे. मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत १५ व ५ धावा काढल्यावर त्यांना वगळण्यात आले; ऑस्ट्रेलियाचे वुडफुल व ओल्डफील्ड जखमी झाल्यामुळे गाजलेल्या ॲडलेडच्या कसोटीत ते संघात नव्हते. परदेशी संघात, परक्या कर्णधाराच्या हाताखाली, बावीस वर्षांच्या एका तरुणाने, आपले स्थान जाण्याची शक्यता समोर असता, जे योग्य वाटत नाही ते करणार नाही असे सांगणे ही गोष्ट शतकाहून मोठी आहे असे मला निःसंशय वाटते. सिडनीच्या प्रेक्षकांच्या आरोळ्यांनी ज्याला घाई करता आली नाही, त्याला कर्णधाराच्या हुकुमानेही आपल्या विवेकापासून हलवता आले नाही. दोन्ही ठिकाणी स्वभाव एकच होता.

इंग्लंडला परतल्यावर १९३३ साली त्यांनी वूस्टरशायरसाठी पूर्ण मोसम दिला, आणि तेथे त्यांच्या फलंदाजीचे खरे रूप प्रकट झाले. १,७४९ धावा, आणि त्यांत तीन द्विशतके: इसेक्सविरुद्ध नाबाद २३१ व केंटविरुद्ध नाबाद २२४, ही दोन्ही वूस्टरच्या मैदानावर, आणि सॉमरसेटविरुद्ध वेस्टनला २२२. कौंटीचा सामना तीन दिवसांचा; एका मैदानावर सायंकाळी खेळ संपला की रात्रीच्या गाडीने दुसऱ्या गावी जावे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा पॅड बांधून उभे राहावे, असा हा मे ते ऑगस्टपर्यंतचा अखंड क्रम असे. त्यात टिकण्यासाठी केवळ प्रतिभा पुरत नाही. शरीर, संयम आणि खेळाविषयीची आस्था यांचा साठा लागतो. संस्थानचा वसूल, दिवाण, नोकरचाकर हे सारे पतौडीस ठेवून हा तरुण नवाब त्या क्रमात कौंटीच्या धंदेवाईक सोबत्यांच्या बरोबरीने घाम गाळत राहिला.

त्यांच्या शरीराने मात्र पुढे साथ दिली नाही. १९३४ साली नॉटिंगहॅमला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ते इंग्लंडकडून अखेरचा सामना खेळले, आणि त्यात १२ व १० धावाच झाल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांचा कौंटीतील सहकारी मॉरिस निकोल हा इसेक्सविरुद्धचा सामना चालू असतानाच मरण पावला, आणि आधीच दुबळा असलेला वूस्टरशायरचा संघ आणखी खचला. प्रकृतीच्या तक्रारींमुळे पतौडींचे पुढचे मोसम जवळजवळ वाया गेले. १९३६ च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्याचे नेतृत्वही त्यांनी याच कारणाने सोडले. १९३८ साली ते वूस्टरशायरसाठी थोडे सामने खेळले आणि त्यांची कौंटी कारकीर्द तेथे संपली. याच दशकात पतौडीस त्यांची नवी कोठी उभी राहिली. नवी दिल्लीच्या कॅनॉट प्लेसचा आराखडा करणाऱ्या रॉबर्ट टॉर रसेल याने ती रचली. १९३९ साली भोपाळच्या नवाबांची कन्या साजिदा सुलतान यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

महायुद्ध संपल्यावर १९४६ साली इंग्लंडला जाणाऱ्या भारतीय संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले. आणि येथे इतिहासाने एक मोठे वर्तुळ पूर्ण केले. कारण ज्यांच्या पूर्वजाला मराठ्यांविरुद्धच्या कामगिरीबद्दल सनद मिळाली होती, त्यांच्या हाताखाली आता सांगलीचे विजय हजारे, मुंबईचे यष्टिरक्षक हिंदळेकर, महाराष्ट्राचे सोहोनी व सदू शिंदे आणि होळकरांच्या इंदूरचे चंदू सरवटे एकदिलाने खेळत होते. ओव्हलवर सरेविरुद्ध सरवटे व शुटे बॅनर्जी यांनी अखेरच्या जोडीसाठी २४९ धावांची भर घातली, आणि दहाव्या व अकराव्या क्रमांकाच्या दोघांनीही शतके काढली. मँचेस्टरच्या कसोटीचा शेवटचा प्रसंग तर डोळ्यांसमोर आणावा असाच आहे: नऊ गडी बाद झालेले, धावसंख्या १५२, पराभव एका चेंडूवर येऊन ठेपलेला, इंग्लंडचा गोलंदाज बेडसर पुन्हापुन्हा धावत येत आहे, आणि सोहोनी व हिंदळेकर ही अखेरची जोडी तेरा मिनिटे एकेक चेंडू अडवून धरीत सामना अनिर्णित ठेवते. मालिका इंग्लंडने १–० अशी जिंकली. पतौडींना तीन कसोटींत मिळून ५५ धावाच करता आल्या, तरी संपूर्ण दौऱ्यात त्यांनी ९८१ धावा केल्या.

या संघात निरनिराळ्या धर्मांचे खेळाडू होते, आणि ओव्हलची कसोटी १७ ऑगस्टला सुरू झाली तेव्हा कलकत्त्यात आदल्या दिवसापासून रक्तपात चालू होता. वर्षभरात फाळणी झाली. पतौडींचे बंधू शेर अली पाकिस्तानच्या सैन्यात गेले. या दौऱ्यातील अब्दुल हाफीज पुढे कारदार या नावाने पाकिस्तानचे पहिले कर्णधार झाले. इफ्तिकार अली खान येथेच राहिले. १९४८ साली त्यांचे संस्थान विलीन झाले, आणि पूर्वीचे सत्ताधीश नवाब स्वतंत्र भारताच्या परराष्ट्र खात्यात काम करू लागले. ५ जानेवारी १९५२ रोजी दिल्लीत पोलो खेळत असताना हृदयविकाराने त्यांचे देहावसान झाले; वय अवघे ४१, आणि तो त्यांच्या मुलाचा अकरावा वाढदिवस होता. दोनच महिन्यांपूर्वी, त्याच दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर, त्यांच्या संघातील सदू शिंदे यांनी इंग्लंडचे सहा गडी ९१ धावांत टिपले होते. आणि त्यांच्या निधनाच्या वर्षीच ऑक्टोबरात कारदारांचा संघ आपली पहिली कसोटी खेळण्यासाठी त्याच मैदानावर उतरला.

त्यांचे चिरंजीव मन्सूर अली खान १९६२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, भारताचे कर्णधार झाले, आणि पित्याचे नाव बऱ्याच अंशी पुत्राच्या तेजात झाकले गेले. २००७ पासून इंग्लंडमधील भारत–इंग्लंड मालिकेच्या करंडकाला पतौडी हे नाव होते. २०२५ साली करंडकाचे नाव बदलले, आणि विजयी कर्णधाराला देण्याच्या पदकापुरते पतौडी हे नाव उरले. सहा कसोटी, १९९ धावा, सरासरी १९.९०, एवढ्यावरच जर इफ्तिकार अली खानांचा निवाडा केला, तर तो निवाडा खोटा ठरेल. प्रथम श्रेणीच्या १२७ सामन्यांत ८,७५० धावा, २९ शतके आणि ४८.६१ ही सरासरी त्यांच्या नावावर आहे, आणि या धावांचा फार मोठा वाटा आजारपणाने तोडलेल्या मोजक्या वर्षांतला आहे. दिल्लीच्या परिसरातील शाळाशाळांतून आज क्रिकेट शिकणाऱ्या मुलांना कसोटीतील आकड्यांआधी या माणसाची दोन कामे सांगितली पाहिजेत: वूस्टरच्या मैदानावर तो दिवसभर टिकून कसा उभा राहिला, आणि ऑस्ट्रेलियात जेथे उभे राहणे त्याला अन्यायाचे वाटले तेथे उभे राहण्यास त्याने नकार कसा दिला. खेळाडूची कारकीर्द याहून अधिक काही शिकवू शकत नाही, आणि पतौडीच्या नवाबाने ही शिकवण आपल्या आचरणाने दिली, म्हणून त्याचे ऋण भारतीय क्रिकेटने उघडपणे मान्य केले पाहिजे.