वतनाची जमीन आणि बापाच्या माघारची वाटणी

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत भाऊबंदकीचा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. पण वंदनेला एका रांगेत बसणारे दोन सख्खे भाऊ बाहेर पडल्यावर एकमेकांशी बोलत नाहीत, हे आपण सातारा-सांगलीकडच्या कितीतरी वस्त्यांत पाहतो. कारण बहुधा एकच. बाप काही लिहून न ठेवता गेला आणि मागे गुंठ्यांत मोजावी एवढी जमीन राहिली. हे भांडण नुसत्या लोभातून आलेले नाही. त्याला इतिहास आहे, आणि तो आपल्या वतनाचा इतिहास आहे.

आपल्या वाडवडिलांना गावकीच्या कामाबद्दल हाडकी-हाडवळ्याची जमीन होती. वेशीवर पहारा, सरकारी टपाल, सांगावा, पडेल ते काम, आणि त्याच्या बदल्यात जमिनीचा तुकडा नि बलुतं. आटपाडीचे शंकरराव खरात यांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) या आत्मकथनाच्या नावातच त्या तराळकीची आठवण आहे. काम पाळीने फिरे आणि जमीन साऱ्या भावकीची असे. पोरं वाढली तशी पाळी वाटली गेली, तुकडाही वाटला गेला. ‘हे माझं’ असे एकट्याला म्हणताच येत नव्हते.

त्यात कायद्याने आणखी गाठ मारली. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत वतन कायद्याने वतनदाराला सरकारच्या मंजुरीवाचून आपल्या हयातीपलीकडे वतन घराण्याबाहेर देता येत नसे. मग मृत्युपत्र करायचे कशाचे? आपल्याकडे ती सवय लागली नाही त्याचे एक मूळ इथे आहे, असे आम्हांस वाटते. पुढे १८८६ च्या दुरुस्तीने, शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली तर, घराण्यातील स्त्रियांचा वारसाक्रम पुरुषांच्या मागे टाकला. म्हणजे ‘पोरीला जमिनीत वाटा नसतो’ हे जे आपण रीत म्हणून सांगतो, ते वतनापुरते इंग्रज सरकारने कागदावर लिहून ठेवले होते. वतन गेले, पण ते वाक्य आपल्या तोंडात राहिले!

हे वतन म्हणजे गुलामीची बेडी आहे, हे ओळखणारेही होते. शेजारच्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महारवतन खालसा करून जमिनी रयताव्याने दिल्या. ज्यांचे बालपण साताऱ्यात गेले त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. ते तेव्हा पास झाले नाही. वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १९५९ पासून अमलात आला. सांगली जिल्हा तेव्हा ‘दक्षिण सातारा’ म्हणून ओळखला जाई. कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन जुन्या वतनदारांना परत मिळाली, पण नवीन व अविभाज्य शर्तीवर. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती विकता येईना की सरसनिरस वाटता येईना.

भांडणाचे बी इथे पडले. एक भाऊ गावात, दुसरा मुंबईला गिरणीत किंवा रेल्वेत. रक्कम गावातल्याने भरली, सातबाराला नाव त्याचेच लागले. तो म्हणतो, ‘मी भरलं, मी कसलं, जमीन माझी.’ मुंबईचा म्हणतो, ‘वतन आज्याचं होतं.’ देसाई घराण्याच्या एका वतनाच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की परत दिलेली वतनजमीन एकत्र कुटुंबाचीच राहते, ज्याच्या नावे दिली त्याच्या एकट्याची होत नाही. फेरफाराची नोंद साऱ्यासाठी असते. तिच्याने मालकी ठरत नाही. हे माहीत नसल्याने कितीतरी घरांनी वकिलाच्या पायरीवर आयुष्य घालवले.

आणि बहीण? हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला आपण धम्मदीक्षा घेतली. तेव्हा ‘हिंदूंचा कायदा आपल्याला कशाला?’ असा समज अजूनही आढळतो. तो चूक आहे. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा आणि हयात असल्यास त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्माने हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला. त्यासाठी बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याचेच हे फळ. आणि आपण काय करतो? बहिणीला माहेरी बोलावतो, साडी नेसवतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असतेच.

तिने राजीखुशीने सोडले तर तो तिचा विचार. पण ‘सही दिली नाहीस तर माहेर तुटलं’ ही धमकी आहे.

यावर उपाय अवघड नाही. स्वतःच्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र साध्या कागदावरही करता येते. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरे. सातबारा, फेरफार, पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात, आणि कोणाचा किती हक्क हे पोरापोरींना समोर बसवून सांगावे. असे बोलणे अशुभ मानून आपण टाळतो. पण सिगालोवाद सुत्तात तथागतांनी आईबापांची जी पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत योग्य वेळी वारसा सोपवणे हे एक आहे. आणि त्या वारशास पात्र होणे हे मुलांचे कर्तव्य सांगितले आहे.

वतनाची बेडी तुटून साठ वर्षे उलटून गेली. तिच्या तुकड्यासाठी भावाने भावाचे आणि बहिणीचे तोंड बघू नये, हे आपल्याला शोभते काय? या वर्धापनदिनी घरी गेल्यावर प्रत्येकाने आपली कागदाची पिशवी उघडावी, आणि ज्या बहिणीशी बोलणे तुटले आहे तिला पहिला निरोप धाडावा, एवढीच आमची विनंती.