घरच्या वर्कशॉपसाठी जॉइंटर घ्यायचाय? पैसे भरण्याआधी या गोष्टी तपासा

रील्स पाहून सुतारकामाची आवड लागली. करवत, ड्रिल, सँडर घेऊन झालं. सागाच्या दोन फळ्या आणल्या, कडेला कड लावली आणि मध्ये फट दिसली. क्लॅम्प कितीही आवळला तरी ती जाईना. हौशी सुतारांपैकी बहुतेक जण याच टप्प्यावर जॉइंटरचा शोध सुरू करतात. मशीन महाग असतं, जागा अडवतं आणि चुकीचं निवडलं तर बोटांवरही बेतू शकतं. म्हणून आधी ते काय काम करतं हे समजून घ्यायला हवं.

जॉइंटर नेमकं काय करतो?

वखारीतून आणलेली फळी दिसायला सरळ असली तरी सहसा सरळ नसते. ती लांबीत वाकलेली असते, रुंदीत पन्हाळीसारखी झालेली असते किंवा तिला पीळ पडलेला असतो. जॉइंटर फळीची एक बाजू सपाट करतो आणि मग त्या बाजूशी काटकोनात एक कड सरळ करतो. काम एवढंच, पण पुढची सगळी मापं याच दोन पृष्ठांवरून घेतली जातात.

जॉइंटरला दोन टेबलं असतात. फळी आत जाते ते इनफीड आणि बाहेर येते ते आउटफीड. दोन्हींच्या मध्ये पाती बसवलेला गोल कटर हेड फिरतो. इनफीड टेबल थोडं खाली असतं. ते जितकं खाली, तितकं लाकूड एका फेरीत निघतं.

प्लॅनर आणि जॉइंटर एकच का?

नाही. पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. बाजारात 'प्लॅनर' या नावाखाली तीन वेगळी मशीनं मिळतात.

- हातातला इलेक्ट्रिक प्लॅनर: सुतार यालाच 'रंधा मशीन' म्हणतात. याची रुंदी साधारण 82 मिमी असते. दाराची कड तासायला उत्तम, पण रुंद फळी सपाट करायला अवघड.
- थिकनेस प्लॅनर: फळीची जाडी सगळीकडे सारखी करतो. मात्र त्याचे रोलर वाकलेली फळी दाबून सरळ करतात आणि ती बाहेर आली की पुन्हा वाकते. म्हणजे जाडी सारखी होते, बाक तसाच राहतो.
- सरफेस प्लॅनर: आपल्याकडे जॉइंटरला मशीनच्या दुकानात बहुतेकदा हे नाव आहे.

म्हणून दुकानात नाव सांगण्याऐवजी काम सांगणं बरं: 'फळीची एक बाजू सपाट करायची आहे आणि कड काटकोनात हवी आहे.'

किती रुंद, किती लांब?

घरगुती वर्कशॉपमध्ये 6 इंची आणि 8 इंची जॉइंटर जास्त चालतात. हे माप पात्याच्या रुंदीचं असतं. 6 इंची मशीनवर 7 इंची फळी एका फेरीत सपाट होत नाही.

टेबलाची लांबीही तितकीच महत्त्वाची. ढोबळ नियम असा, की दोन्ही टेबलांच्या एकूण लांबीच्या दुपटीपर्यंतची फळी नीट सरळ करता येते. 30 इंची बेंचटॉप मशीनवर 5 फुटांपर्यंतची फळी जमते. स्टूल, फ्रेम, छोटे टीपॉय करणाऱ्याला ते पुरतं. 6 फुटी डायनिंग टेबल किंवा पलंग करायचा असेल तर लांब टेबलाचं, जमिनीवर उभं राहणारं मशीन लागतं. ते बिडाचं असतं आणि वजन 100 किलोच्या वर जाऊ शकतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी लिफ्टचा विचार आधी करावा.

सरळ पाती की स्पायरल हेड?

सरळ पात्यांचं मशीन स्वस्त असतं आणि पातीला धार लावता येते. पण पाती एका पातळीत बसवणं किचकट असतं. स्पायरल किंवा हेलिकल हेडवर कार्बाइडचे छोटे चौकोनी तुकडे बसवलेले असतात. एक कड बोथट झाली की तुकडा फिरवून दुसरी वापरायची, अशा चार कडा मिळतात. आवाज कमी होतो आणि उलट्या रेषांचं लाकूड कमी उचकटतं. किंमत मात्र बरीच जास्त.

जुन्या वाड्याचं सागवान वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: आत तुटलेला एक खिळा राहिला तरी पात्याला खाच पडते. असं लाकूड मशीनवर घेण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवावा.

घरचं वायरिंग झेपेल का?

6 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर 230 व्होल्टला जास्तीत जास्त 1,380 वॅट मिळतात. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, पण मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी जास्त करंट ओढते. त्यामुळे जॉइंटरसाठी 16 अँपिअरचा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवं. मोठी मशीनं थ्री-फेज असू शकतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी सिंगल-फेज मोटर असल्याची खात्री करावी. अमेरिकेतून मशीन आणणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. तिथली साधी घरगुती वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची आहे, आपली 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळतं, हर्ट्झ जुळत नाहीत.

दुकानात काय तपासायचं?

1. लांब, सरळ लोखंडी पट्टी दोन्ही टेबलांवर ठेवावी. टेबलं एकमेकांना समांतर नसतील तर कड कधीच सरळ येणार नाही.
2. आउटफीड टेबल पात्याच्या सर्वात वरच्या बिंदूच्या बरोबरीत आणता येतं का पाहावं. ते खाली राहिलं तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो. वर राहिलं तर फळी त्याच्या कडेला अडते.
3. फेन्सला गुण्या लावून काटकोन पाहावा. फेन्स घट्ट केल्यावर हलता कामा नये.
4. पात्यावरचं गार्ड आहे का आणि ते आपोआप परत येतं का, हे पाहावं. सेकंड हँड मशीनचं गार्ड अनेकदा काढून टाकलेलं असतं.

बोटं आणि फुप्फुसं

एका फेरीत 1 मिमीच्या आसपासच लाकूड काढावं. हात कधीही कटरच्या वरून नेऊ नये, मूठ असलेले पुश ब्लॉक वापरावेत. 12 इंचांपेक्षा लहान तुकडा जॉइंटरवर घेऊ नये. हातमोजे, ओढणी, सैल बाह्या, बांगड्या या सगळ्या गोष्टी कटरमध्ये ओढल्या जाऊ शकतात.

लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे. मास्क आणि भुसा ओढणारं यंत्र हा खर्च बजेटमध्ये धरायलाच हवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर गंज चढतो, त्यामुळे वर मेणाचा हात फिरवत राहावं लागतं.

खरंच घ्यायला हवा का?

काम मुख्यतः प्लायवूडचं असेल तर नाही. वर्षाला दोन-तीनच वस्तू होत असतील तर वखारीत किंवा ओळखीच्या कारखान्यात फळ्या रंधून घेणं स्वस्त पडतं. लांब हातरंध्यानेही कड सरळ होते. त्याला वीज लागत नाही, फक्त सराव लागतो. दर महिन्याला ओबडधोबड लाकूड घरी येत असेल, तर मात्र जॉइंटर घेण्यात अर्थ आहे. अशा वेळी बजेट मर्यादित असलं, तर जास्त एचपीच्या मागे न लागता लांब, समांतर टेबल आणि घट्ट फेन्स असलेलं मशीन निवडावं.