सणासुदीच्या विक्रीसाठी घाईने काढलेले व्हिडिओ गेम

नाताळच्या विक्रीचा मुहूर्त साधण्यासाठी अपुऱ्या चाचणीनंतरच व्हिडिओ गेम बाजारात आणणे, ही या उद्योगातील जुनी व वादग्रस्त प्रथा आहे.

उदाहरणे
अटारी कंपनीला ‘ई.टी.’ या चित्रपटावरील खेळाचे हक्क जुलै १९८२ मध्ये मिळाले. नाताळ गाठण्यासाठी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो खेळ सुमारे ५ आठवड्यांत पूर्ण करावा लागला. लाखो प्रती पडून राहिल्या; १९८३ मध्ये त्यांपैकी काही न्यू मेक्सिकोत पुरण्यात आल्या. डिसेंबर २०२० मध्ये आलेला ‘सायबरपंक २०७७’ सदोष ठरल्याने सोनीने त्याची ऑनलाइन विक्री थांबवून ग्राहकांना पैसे परत देऊ केले.

नैतिक बाजू
असे खेळ पुढे अद्ययावत करून सुधारता येतात, असा बचाव केला जातो. तथापि किंमत पहिल्याच दिवशी पूर्ण घेतली जाते. भेट म्हणून खेळ घेणारे पालक वेष्टनावर विसंबतात. तारीख निर्माता ठरवतो, तिचा भार मात्र कर्मचारी व ग्राहक वाहतात.

ग्राहकांचे हक्क
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूच्या दर्जातील उणीव हा ‘दोष’ होय. विक्रेता परगावचा असला, तरी सातारा वा सांगली जिल्ह्यातील रहिवाशाला आपल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही.