अपडेट कुणाच्या फोनला येतं?



मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले, वहीवर सह्या झाल्या. उठायच्या वेळी गटाच्या सचिव म्हणाल्या, "माझं सचिवपद काढून घ्या. कुणातरी शिकलेल्या सुनेला द्या." त्यांना आम्ही सगळ्या काकू म्हणतो. चौदा वर्षं त्यांनी हिशोब लिहिला, एका रुपयाचा फरक कधी आला नाही. मग आता काय झालं? तर बँकेचं ॲप त्यांच्या फोनवर उघडेना. तुमच्या फोनची आवृत्ती चालत नाही, अशी सूचना येत होती. काकू म्हणाल्या, "माझ्या हातून कुठलं तरी बटण दाबलं गेलं असणार. मला नाही बाई हे आता जमत."

मी फोन हातात घेतला. नीट जपलेला, काचेला तडा नाही, बॅटरीही बरी. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं, तर शेवटचं अपडेट कित्येक वर्षांपूर्वीचं. काकूंनी कुठलंही बटण चुकीचं दाबलेलं नव्हतं. त्यांच्या फोनला अपडेट यायचंच बंद झालं होतं.

बी.ए.ला माझा विषय इतिहास. तेव्हा इतिहास म्हणजे राजे, तह आणि सनावळ्या असं वाटायचं. पण त्या दिवशी घरी येताना मनात आलं, की या अपडेटलाही इतिहास आहे आणि तो आपल्याला माहीत असायला हवा. नाहीतर दुसऱ्याने ठरवलेली गोष्ट आपण आपलीच चूक समजून बसतो. आज तोच इतिहास सांगते.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. फोनमध्ये जी व्हॉट्सॲपसारखी ॲप असतात, ती चुलीवरच्या भांड्यांसारखी. फोनची मूळ सिस्टिम म्हणजे चूल. भांडी दर वर्षी मोठी होत गेली आणि चूल तीच राहिली, तर एक दिवस भांडं चुलीवर बसत नाही. सिस्टिमचं अपडेट म्हणजे ही चूल वेळोवेळी सारवणं, दुरुस्त करणं, कधी नवी घालणं. आपल्यापैकी बहुतेकींच्या फोनमध्ये जी सिस्टिम आहे, तिचं नाव अँड्रॉइड. ती गूगल बनवतं.

अँड्रॉइडचा पहिला फोन ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. एचटीसी कंपनीने तो बनवला होता, आणि तिथे तो जी-वन या नावाने विकला गेला. आपल्याकडे अँड्रॉइडचे फोन २००९ मध्ये आले. गूगल तेव्हा प्रत्येक आवृत्तीला गोड पदार्थाचं नाव द्यायचं: कपकेक, डोनट, पुढे किटकॅट, ओरिओ. २०१९ पासून नुसते आकडे आले. आता गंमत बघा. ऑक्टोबर २००९ मध्ये अँड्रॉइडची २.० आवृत्ती आली, ती त्या पहिल्या फोनला कधी मिळालीच नाही. त्याचं अधिकृत अपडेट १.६ वर थांबलं. म्हणजे अँड्रॉइडचा सगळ्यात थोरला मुलगा वर्षभरातच मागे पडला.

असं का होतं? ज्यांच्याकडे पाटाचं पाणी आहे, त्यांना हे लगेच कळेल. धरणातून पाणी सुटलं म्हणजे ते सगळ्या शेतांना मिळालं असं नसतं. मुख्य कालवा, मग वितरिका, मग चारी, मग शेत. वाटेत प्रत्येक ठिकाणी दार असतं. टेलच्या शेताला पाणी मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. अँड्रॉइडचंही तसंच. गूगल नवी आवृत्ती बनवतं, हे धरण. मग फोनमधली चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपसाठी लागणारं सॉफ्टवेअर देते. मग फोनची कंपनी प्रत्येक मॉडेलसाठी ते वेगळं तयार करते, तपासते. काही देशांत सिमकार्डाची कंपनीही तपासते. यातल्या एकीनेही हात आखडता घेतला, की पाणी तिथेच अडलं. स्वस्त फोनमध्ये कंपनीला एका फोनमागे नफा थोडा आणि मॉडेलं ढीगभर. फोन विकून झाल्यावर त्यावर पुन्हा माणसं बसवून खर्च करायला ती का जाईल? म्हणून टेलला कोण, तर स्वस्त फोन. आणि स्वस्त फोन कुणाकडे, हे मी सांगायला नको.

आयफोनची गोष्ट वेगळी. तिथे फोन आणि सिस्टिम दोन्ही एकाच कंपनीची, ॲपलची. म्हणजे विहीर आपल्याच बांधावर. २०१३ मध्ये आलेल्या आयफोन ५एसला २०१८ पर्यंत नव्या आवृत्त्या मिळाल्या आणि सुरक्षेची दुरुस्ती तर अगदी जानेवारी २०२३ मध्येही मिळाली. नऊ वर्षांहून जास्त. पण त्या विहिरीचं पाणी महाग आहे, आपल्या खिशाला न झेपणारं.

टेलला पाणी मिळत नाही अशी ओरड अँड्रॉइडमध्येही सुरुवातीपासून होती. मे २०११ मध्ये गूगलने काही मोठ्या कंपन्यांना सोबत घेऊन जाहीर केलं, की नव्या फोनला अठरा महिने अपडेट मिळेल. त्यात एक अट होती: फोनच्या हार्डवेअरला झेपत असेल तर. आपल्याकडे 'निधी उपलब्ध झाल्यास' असं लिहिलेलं असतं ना, तसंच. पुढे त्या वचनाचं नाव कुणी काढेना. २०१२ च्या मध्याला नवी आवृत्ती आली, तेव्हा निम्म्याहून जास्त अँड्रॉइड फोन २०१० सालच्याच आवृत्तीवर होते.

मग एक प्रसंग असा आला, की टेलचं पाणी आधी सोडायचं ठरलं, आणि तो आपल्या देशात घडला. १५ सप्टेंबर २०१४ रोजी गूगलचे सुंदर पिचाई दिल्लीत आले आणि त्यांनी 'अँड्रॉइड वन' नावाची योजना सुरू केली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन भारतीय कंपन्यांचे फोन, किंमत ६,३९९ रुपयांपासून. तिन्ही फोनचं आतलं हार्डवेअर जवळपास सारखंच ठेवलं होतं, म्हणजे प्रत्येकासाठी वेगळी खटपट नको. आणि वचन असं, की अपडेट थेट गूगलकडून येईल, मधली दारं नाहीत. अपडेट उतरवायला नेट लागतं आणि तेव्हा नेट फार महाग होतं. म्हणून एअरटेलचं सिम असलेल्यांना पहिले सहा महिने अपडेट फुकट उतरवता येईल, अशीही सोय होती. गरिबाच्या फोनचा इतका बारकाईने विचार त्याआधी क्वचितच झाला असेल.

वचन काही अंशी पाळलंही गेलं. या फोनना २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ मिळालं, आणि त्याच वर्षी ६.० सुद्धा. तेव्हा त्याहून कितीतरी महागडे फोन अजून वाट बघत होते. पण २०१६ मध्ये ७.० आलं, ते या फोनना मिळालं नाही. दोन वर्षं भरली होती. पुढे अँड्रॉइड वन हे नाव महागड्या फोनवर गेलं. सप्टेंबर २०१७ मध्ये त्याच दिल्लीत त्या नावाचा शाओमीचा फोन आला, तो १४,९९९ रुपयांना. सहा हजारांपासून सुरू झालेली गोष्ट तीन वर्षांत पंधरा हजारांवर पोचली. चारी पुन्हा बागाईतदाराच्या शेतातून गेली.

यादरम्यान आणखी एक गोष्ट घडली, तिने अपडेटचा अर्थच बदलला. तोवर अपडेट म्हणजे नवं रूप, नव्या सोयी, असंच लोक समजत. जुलै २०१५ मध्ये सुरक्षा तपासणाऱ्या तज्ज्ञांनी अँड्रॉइडमधली एक मोठी उणीव जगासमोर आणली. तिला 'स्टेजफ्राइट' असं नाव पडलं. मुद्दाम बिघडवलेला व्हिडिओ नुसता मेसेजमधून आला, तरी फोनमध्ये घुसखोरी होऊ शकत होती, आपण काहीही दाबलं नाही तरी. सुमारे ९५ कोटी फोनना हा धोका असल्याचं त्यांनी सांगितलं. त्यानंतर गूगलने दर महिन्याला सुरक्षेचं अपडेट द्यायला सुरुवात केली. सॅमसंगसारख्या कंपन्यांनीही तसं जाहीर केलं. तेव्हापासून दोन प्रकारची अपडेट वेगळी दिसू लागली. एक, घराला नवा रंग देणारं. दुसरं, मोडलेली कडी बसवणारं. रंग नाही मिळाला तरी चालतं. कडी मात्र हवीच, कारण आता आपले पैसे त्या घरात आहेत.

गूगलने वाटेतली दारं कमी करायचेही प्रयत्न केले. २०१७ मध्ये चिपसाठीचं सॉफ्टवेअर आणि बाकीची सिस्टिम अशी वेगळी मांडणी केली, म्हणजे एक बदलताना दुसऱ्याला हात लावायला नको. २०१९ पासून सिस्टिमचे काही भाग प्ले स्टोअरच्या वाटेने परस्पर अपडेट होऊ लागले. फरक पडला, पण तो नव्या फोनना. जुने फोन होते तिथेच राहिले आणि त्यांच्यावरची भांडी एकेक करून उतरत गेली. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्या सोडल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये ४.१ च्या आधीच्या सगळ्या सोडल्या.

त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या महाराष्ट्रात अंगणवाडी ताईंनी सरकारला मोबाईल परत केले, ते आठवतं का? फोन २०१९ मध्ये मिळालेले, रॅम दोन जीबी. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नवं ॲप आलं. फोन सारखे बंद पडतात, ॲप चालत नाही, ते मराठीत नाही, दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी येतो, अशा ताईंच्या तक्रारी होत्या. तिथे प्रश्न एकट्या अपडेटचा नव्हता. पण मुळाशी हीच गोष्ट होती: भांडं मोठं झालं आणि चूल बदलली नाही. काकूंमध्ये आणि त्या ताईंमध्ये एक फरक मात्र होता. 'आम्हाला जमत नाही' असं न म्हणता त्यांनी 'हा फोन चालत नाही' असं म्हटलं, आणि सगळ्यांनी मिळून म्हटलं.

अलीकडे वचनांची मुदत वाढली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ८ फोनला सात वर्षं अपडेट देऊ असं सांगितलं. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने आपल्या महागड्या एस २४ ला तेच वचन दिलं. युरोपात तर जून २०२५ पासून नियमच आला आहे, की मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट मिळायला हवं. म्हणजे ही गोष्ट अशक्य कधीच नव्हती. मागणारे एकत्र आले, नियम झाले, तसं ते होऊ लागलं. मात्र सात वर्षांची ही वचनं महागड्या फोनपासून सुरू झाली. खाली उतरता उतरता त्यातली वर्षं कमी होत जातात.

म्हणून मैत्रिणींनो, फोन घेताना दुकानदार कॅमेरा दाखवेल, रंग दाखवेल. आपण विचारायचं, "याला सुरक्षेचं अपडेट कुठल्या सालापर्यंत आहे?" औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, फोनच्या खोक्यावर सहसा नसते, म्हणून विचारावंच लागतं. आणखी एक लक्षात ठेवा. ही वर्षं बहुतेक वेळा मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजतात, आपण विकत घेतलं त्या दिवसापासून नाही. काकूंचं इथेच फसलं. दिवाळीच्या सवलतीत फोन स्वस्त मिळाला खरा, पण ते मॉडेल बाजारात येऊन दोन वर्षं झाली होती. अपडेटची वर्षं दुकानातच सरली होती.

त्या बैठकीत मी हे सगळं थोडक्यात सांगितलं. काकू बराच वेळ फोन उलटसुलट करून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं बटण नाही चुकलं." सचिवपद त्यांच्याकडेच राहिलं. सध्या बँकेचं काम कोषाध्यक्ष ताईंच्या फोनवर चालतं. काकू शेजारी बसतात, आकडे वहीशी ताडून बघतात आणि मगच पुढे जाऊ देतात. आणि गटाने एक ठराव केला: फोनसाठी अंतर्गत कर्ज मागणाऱ्या बाईने अपडेटचं साल विचारून यायचं, ते कर्जाच्या नोंदीत लिहायचं आणि शक्यतो त्या सालाच्या आत हप्ते फिटतील असं बघायचं.

तुम्हीही आज रात्री जेवणखाण आटोपलं, की फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन' उघडा. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती दिसेल. सुरक्षेच्या अपडेटची तारीख तिथेच किंवा 'सिक्युरिटी' या भागात मिळेल. दोन्ही एका कागदावर लिहा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या. कुणाची तारीख जुनी निघाली तर लाजू नका. ती तारीख तुम्ही ठरवलेली नाही.