थ्रेडांची निरवानिरव

एकाच प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड चालू असता त्यांपैकी एकाचे काम मध्येच रद्द करावयाचे ठरले, तर त्याने लावलेल्या कुलपांची, मागून घेतलेल्या मेमरीची आणि उघडलेल्या फायलींची निरवानिरव कोणी करावी, या प्रश्नाचा मूलगामी विचार कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात झाला. बटलर लॅम्पसन व डेव्हिड रेडेल यांनी मेसा भाषेविषयी १९८० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात रद्द करण्याचा हुकूम हा वस्तुतः विनंतीवजा इशारा होता. तो मिळालेल्या प्रक्रियेपुढे, म्हणजेच थ्रेडपुढे, पुढच्या प्रतीक्षेच्या क्षणी अपवाद उभा राही, आणि आवरते घ्यावे की काम चालू ठेवावे, हे ठरविण्याची मुखत्यारी तिचीच राही. याच परंपरेतील इशाऱ्याची पद्धत अँड्र्यू बिरेल यांनी १९८९ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पालो आल्टोतील केंद्रातून विशद केली.

परंतु न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविलेल्या सी भाषेत अपवादाची यंत्रणाच नव्हती. म्हणून १९९५ च्या पोझिक्स प्रमाणकाने, ज्याच्या मसुद्यात डिजिटलच्याच डेव्हिड बुटेनहॉफ यांचा सहभाग होता, निरवानिरवीची कामे पीथ्रेड_क्लीनअप_पुश या आज्ञेने आगाऊ दाखल करून ठेवण्याचा मार्ग काढला. थ्रेड रद्द होताच शेवटी दाखल झालेले काम प्रथम पार पडते. पुश व दाखल केलेले काम काढून घेणारी पॉप यांची जोडी एकाच फंक्शनच्या एकाच कक्षेत असलीच पाहिजे, कारण एकीत उघडणारा महिरपी कंस दुसरीत मिटण्यास मोकळीक ठेवलेली आहे. हे बंधन पुष्कळांस जाचते. मला मात्र त्यात मसुदाकारांची दूरदृष्टी दिसते, कारण ज्याने कुलूप लावले त्याच्या नजरेसमोरच ते उघडण्याची तजवीज राहते.

तोच विवेक इतर नियमांतही आहे. रद्द करण्याची विनंती स्वाभाविकतः ठरावीक टप्प्यांवरच अमलात येते. म्यूटेक्स, म्हणजेच वर उल्लेखिलेले कुलूप, मिळविणे हा तसा टप्पा नव्हे, आणि अट पुरी होण्याची वाट पाहत असता थ्रेड रद्द झाला, तर निरवानिरवीपूर्वी त्याच्याकडे म्यूटेक्स परत येतो, त्यामुळे तो सोडण्याचे काम निःशंकपणे लिहिता येते. याउलट कोणत्याही क्षणी रद्द होण्याची मुभा ज्याने दिली, त्याच्यासाठी प्रमाणकाने अवघी ३ फंक्शने सुरक्षित मानली आहेत.

२०११ च्या सी प्रमाणकात थ्रेड प्रथमच दाखल झाले, तेव्हा रद्द करण्याची ही सोय वगळण्यात आली. तेथे थांबण्याची सूचना प्रोग्रॅमरने सामाईक खुणेने द्यावी आणि थ्रेडने ती स्वतः तपासून आवरते घ्यावे, एवढाच मार्ग उरला.